उन्हात न वाकणारे सौरपंख

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात आणि थंडीने आकुंचन पावतात, हा नियम आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आणि पुढे संसाराच्या धकाधकीत बहुतेकांनी तो विसरूनही टाकला. परंतु नियम आपल्याला विसरत नाही. गावचा लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितो, तेव्हा ती आधी जाळात लाल करून घेतो. तापलेली धाव सैल होऊन चाकावर बसते, आणि तिच्यावर पाणी पडताच अशी आवळते की पुढे कित्येक वर्षे लाकूड जागचे हलत नाही. लोहाराने ह्या नियमाला आपला चाकर केले आहे. उलटपक्षी, उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या पापडाच्या कडा दुपारपर्यंत वर उचलल्या जातात. त्याची वरची बाजू आधी सुकून आखडते आणि खालची ओलीच राहते. पापडाच्या बाबतीत कारण ओलाव्याचे असले तरी तत्त्व तेच आहे: एकाच वस्तूच्या दोन बाजू निरनिराळ्या रीतीने वागू लागल्या, की ती वस्तू सरळ राहू शकत नाही.

हे तत्त्व ध्यानात ठेवून आज आपण एका अशा वस्तूचा विचार करू या, की जी अलीकडे घरांच्या, शाळांच्या आणि चर्चच्या छपरांवर दिसू लागली आहे. ती म्हणजे सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारा सौरफलक, अर्थात बोलीभाषेतील सोलर पॅनेल. ह्या वस्तूची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. पोट भरण्यासाठी तिला उन्हातच उभे राहावे लागते. आणि ज्या उन्हावर ती जगते, तेच ऊन तिला वाकवू पाहते. फलक जाड व जड केला तर त्याच्या वजनापुढे उन्हाचे फारसे चालत नाही. परंतु जड फलक सर्वत्र चालत नाही. अवकाशात पाठवावयाच्या यानावर प्रत्येक किलोग्रॅम महाग पडतो. आणि पृथ्वीवरही जुन्या कौलारू छपराला किती भार सोसेल ह्याला मर्यादा असते. मग हलका फलक उन्हात सरळ कसा ठेवावा? ह्या प्रश्नाने जगातील नामांकित अभियंत्यांना पुष्कळ वर्षे झुंजविले आहे. त्या झुंजीचा एक प्रसंग सर्वांना बोधप्रद वाटेल असा आहे.

हबल दुर्बिणीचे पंख

१९९० सालच्या एप्रिल महिन्याच्या २४ तारखेस अमेरिकेच्या 'डिस्कव्हरी' ह्या अवकाशयानाने एक प्रचंड दुर्बीण घेऊन उड्डाण केले. एडविन हबल ह्या थोर खगोलशास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले होते. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा असून एकंदर वजन सुमारे ११ टन होते. पृथ्वीपासून सुमारे ६०० किलोमीटर उंचीवर, वातावरणाच्या पडद्याबाहेर राहून तिने दूरदूरच्या तारकासमूहांची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत, असा उद्देश होता. त्यासाठी तिला आपली नजर एका बिंदूवर विलक्षण स्थिर ठेवावी लागते. ही स्थिरता किती म्हणाल, तर दीड किलोमीटर अंतरावर धरलेल्या मनुष्याच्या केसाच्या जाडीपेक्षा अधिक नजर ढळता कामा नये!

ह्या दुर्बिणीला वीज पुरविणारे दोन सौरपंख युरोपीय अवकाश संस्थेने दिले होते. प्रत्येक पंख सुमारे १२ मीटर लांबीचा होता. एवढा मोठा पंख यानाच्या पोटात मावावा म्हणून तो चटईसारखा गुंडाळून ठेवण्याची योजना केलेली होती. सौरघट एका पातळ, लवचिक पटलावर बसविलेले होते, आणि ते पटल ताणून धरण्यासाठी दोन्ही कडांना पोलादी दांडे होते. हे दांडेही गुंडाळता येत. सुताराची पोलादी टेप जशी डबीतून बाहेर येते, तशा दोन पातळ पोलादी पट्ट्या रिळांवरून बाहेर येत आणि एकमेकींना कवटाळून त्यांची नळी बनत असे. रचना हलकी होती, सुटसुटीत होती, आणि तिच्यामागे पुष्कळ विचार होता.

परंतु दुर्बीण कार्य करू लागली तेव्हा एक विचित्र गोष्ट निदर्शनास आली. हबल सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करते. म्हणजे दिवसाकाठी सुमारे पंधरा वेळा तिच्यावर सूर्य उगवतो आणि पंधरा वेळा मावळतो. आपल्याकडे पहाट होते, मग उजाडते, मग ऊन तापते. सृष्टी हळूहळू जागी होते. तेथे हवा नसल्यामुळे पहाट अशी नाहीच. पृथ्वीच्या छायेतून बाहेर पडताच काही क्षणांत पुरे ऊन अंगावर येते. अशा कक्षेतील फलकाचे तापमान शून्याखाली सुमारे शंभर अंश सेल्सिअसपासून शून्यावर सुमारे शंभर अंशांपर्यंत हेलकावे खात असते. ह्या आकस्मिक सूर्योदयाबरोबर त्या पोलादी दांड्यांची सूर्याकडील बाजू झटकन तापे, मागील बाजू थंडच राही, आणि दांडा वाके. दांडा वाकला की पंख हले. पंख हलला की त्याच्या उलट दिशेस ती ११ टनांची दुर्बीण किंचित हले. सुमारे दहा सेकंदांत एक, अशा संथ हेलकाव्यांनी पंख झुलत राही आणि तेवढा वेळ दुर्बिणीची नजर स्थिर होत नसे. सूर्यास्ताच्या वेळीही तोच प्रकार. एका फेरीत दोनदा, म्हणजे दिवसातून तीस वेळा!

वाचकांपैकी कित्येकांना आठवत असेल की ह्याच दुर्बिणीच्या मुख्य आरशातही दोष निघाला होता. त्याची कड सुमारे दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट, अधिक सपाट घासली गेली होती. त्या दोषाची वर्तमानपत्रांतून फार चर्चा झाली. पंखांच्या थरथरीची त्या मानाने कमी झाली. वस्तुतः ही दोन दुखणी अगदी स्वतंत्र होती. आरसा मुळातच चुकीचा घडला होता. पंख मात्र ठरल्याप्रमाणेच घडले होते आणि वीजही नीट देत होते. त्यांना फक्त ऊन सोसत नव्हते.

धोक्याच्या खुणा पूर्वीच दिसल्या होत्या

अशा संकटाची कल्पना शास्त्राला अजिबात नव्हती, असे म्हणता येत नाही. ब्रूनो बोली ह्या अभियांत्रिकीच्या पंडिताने १९५६ सालीच गणिताने दाखवून दिले होते की, पातळ तुळईला अकस्मात उष्णता लागली तर ती नुसती वाकत नाही, तर कंपही पावते. पुढे १९६७ साली सोडलेल्या 'ओगो-४' ह्या अमेरिकन उपग्रहाचे सुमारे १८ मीटर लांबीचे दांडे उन्हात असेच फडफडू लागले होते. जाड तुळई हळूहळू तापते आणि हळूहळू वाकते, म्हणून ती थरथरत नाही. पातळ तुळई इतक्या त्वरेने तापते की तिला सावकाश वाकण्यास अवसरच मिळत नाही. जणू कोणी तिला धक्का दिला आहे, अशी ती झुलू लागते. हलकेपणाची ही खरी किंमत आहे. जड वस्तूतील असमतोल तिच्या वजनाखाली झाकला जातो. हलक्या वस्तूतील असमतोल उघडा पडतो.

हबलच्या बाबतीत पहिला उपाय म्हणून नियंत्रण-यंत्रणेच्या गणितात फेरफार करून थरथर काही अंशी आवरण्यात आली. परंतु हा दुखण्यावरील लेप झाला. मूळ औषध १९९३ सालच्या डिसेंबर महिन्यात झाले. 'एन्डेव्हर' यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी जुने पंख काढून नवे बसविले. नव्या पंखांचे दांडे होते त्याच जातीचे. मात्र त्यांच्याभोवती चकाकत्या पातळ पटलाचे, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखे घड्या पडणारे आवरण घातलेले होते. उघड्या अंगाने उन्हात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या खांद्यावर पांढरे उपरणे टाकावे, तसा हा प्रकार. ऊन थेट दांड्यावर न पडता आवरणावर पडू लागले, दांड्याच्या दोन बाजूंतील तापमानाचा फरक घटला, आणि थरथर पुष्कळ कमी झाली.

जुन्या दोन पंखांपैकी एकाचा दांडा इतका पिळवटला होता की तो पुन्हा गुंडाळला जाईना. तेव्हा कॅथरिन थॉर्नटन ह्या अंतराळवीर महिलेने तो पंख दोन्ही हातांत धरून अवकाशात सोडून दिला. लक्षावधी लोकांनी ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिले. १२ मीटर लांबीचा तो सोनेरी पंख पाखरासारखा हेलकावत दूर गेला. त्याचा जोडीदार मात्र नीट गुंडाळून तपासणीसाठी पृथ्वीवर परत आणण्यात आला.

गणित काय सांगते

येथे थोडा हिशेब पाहणे उचित होईल. तो कठीण नाही. एक मीटर लांबीची पट्टी एक अंश सेल्सिअसने तापविली असता ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे २३ मायक्रॉन वाढते, साध्या पोलादाची १२, खिडकीच्या काचेची ९, आणि ज्या सिलिकॉनचे सौरघट बनतात त्याची केवळ २.६ मायक्रॉन. आकडे क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांचा परिणाम क्षुल्लक नसतो.

समजा, ५ मीटर लांबीचा आणि फक्त २ सेंटिमीटर जाडीचा एक फलक एका टोकाशी यानाला जोडलेला आहे. त्याचे दोन्ही पृष्ठभाग ॲल्युमिनियमचे आहेत आणि सूर्याकडील पृष्ठभाग मागच्यापेक्षा दहाच अंश अधिक तापला आहे. एवढ्यानेही त्याचे मोकळे टोक सुमारे १४ सेंटिमीटर मागे झुकेल. फलक दुप्पट जाड केला तर बाक निम्मा होईल. दोन पृष्ठभागांतील फरक निम्मा केला तरीही बाक निम्मा होईल. आणि ज्याची वाढ मुळातच विसाव्या हिश्श्याची आहे असा पदार्थ वापरला, तर तेवढ्याच फरकाने तो १४ सेंटिमीटरचा बाक सात मिलिमीटरांवर येईल.

ह्या लहानशा हिशेबातच अभियंत्यांचे तीनही मार्ग सामावलेले आहेत: जाडी वाढविणे, उष्णता वाटून टाकणे, आणि पदार्थ बदलणे. वजन न वाढविता हे तिन्ही साधावयाचे, ही खरी कसोटी.

जाडी वाढवूनही वजन न वाढविण्याची युक्ती मधमाशीने आपल्याला शिकविली आहे. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये पोळ्यासारखी षट्कोनी, पोकळ जाळी बसविली, की फलक जाड व ताठ होतो, पण आत बहुतांशी पोकळीच असते. ही जाळी ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्याची असते, आणि ती आणखी एक काम करते. पुढच्या पृष्ठभागाची उष्णता ती मागच्या पृष्ठभागाकडे पोहोचविते. मागचा पृष्ठभाग ती उष्णता अवकाशात टाकून देतो. अशा रीतीने ताप एकाच अंगावर साठत नाही.

पदार्थ बदलण्याचा इतिहासही मनोरंजक आहे. स्विस शास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोम ह्यांनी १८९६ साली लोखंड व निकेल ह्यांचा एक असा मिश्रधातू शोधून काढला की जो तापमानाच्या फरकाने जवळजवळ वाढतच नाही. त्याला 'इन्व्हार' असे नाव मिळाले. उत्तम घड्याळांना व मोजमापाच्या उपकरणांना त्याचा अतिशय उपयोग झाला आणि १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गियोम ह्यांना देण्यात आले. परंतु इन्व्हार पोलादासारखाच जड. सौरपंखाला त्याचा उपयोग किती होणार? येथे मदतीस आले ते कार्बनचे तंतू. ह्या तंतूंचा एक अजब गुण असा, की तापले असता ते लांबीच्या दिशेने वाढण्याऐवजी किंचित आखडतात. ज्या राळेत त्यांना बसवितात ती राळ मात्र वाढते. एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट ह्यांचा मेळ बसविला, की तयार होणारा पत्रा तापमानाला जवळजवळ दाद देत नाही. शिवाय तो ॲल्युमिनियमहूनही हलका असतो.

मात्र ह्यातही एक अट आहे. हे तंतू पत्र्यात थर देऊन बसवितात. कोणत्या थरात तंतू उभे, कोणत्यात आडवे, कोणत्यात तिरपे, ह्याचा क्रम ठरलेला असतो. मधल्या रेषेच्या वर जो क्रम, तोच खाली उलट्या बाजूने असला पाहिजे, आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे. त्यात एका थराची जरी चूक झाली, तरी भट्टीतून काढून थंड होता होताच तो पत्रा पीळ खाऊन बसतो. कार्बन-तंतूंचे दोन पत्रे आणि मध्ये ॲल्युमिनियमची जाळी, ही रचना आज जगभरच्या उपग्रहांत रूढ झाली आहे.

हबलच्या पंखांची तिसरी जोडी २००२ सालच्या मार्च महिन्यात 'कोलंबिया' यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी बसविली. ह्या वेळी गुंडाळण्याची पद्धत सोडून देण्यात आली. ॲल्युमिनियम व लिथियम ह्यांच्या हलक्या मिश्रधातूच्या चौकटी आणि त्यांवर ताठ फलक, अशी नवी रचना होती. सौरघटही अधिक कार्यक्षम जातीचे होते. त्यामुळे पंखांचा आकार सुमारे एक तृतीयांशाने घटूनही वीज पूर्वीपेक्षा अधिक मिळू लागली. उड्डाणापूर्वी ह्या पंखाला नेदरलँड्समधील नोर्डविक येथे, युरोपीय अवकाश संस्थेच्या भव्य निर्वात कोठीत, कृत्रिम सूर्योदय व सूर्यास्त दाखवून पारखण्यात आले. पहिला धडा कोणी विसरले नव्हते. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ हे पंख त्या दुर्बिणीला वीज पुरवीत आले आहेत.

गुंडाळीचे पुनरागमन

कोणी म्हणेल, म्हणजे गुंडाळीची कल्पना मुळातच चूक होती. तसे नाही. कल्पना चांगली होती. तिला साजेसा पदार्थ मात्र मिळाला नव्हता. २०१७ सालच्या जून महिन्यात आंतरराष्ट्रीय अवकाश-स्थानकावर एका नव्या गुंडाळी-पंखाची परीक्षा झाली. त्याचे दांडे पोलादाचे नसून कार्बन-तंतूंचे होते. ऊन-सावलीच्या फेऱ्यांत तो कसा वागतो हे मुद्दाम पाहिले गेले. परीक्षा झाली, परंतु शेवटी पंख पुन्हा गुंडाळून कुलूपबंद करता येईना, म्हणून तोही अवकाशात सोडून द्यावा लागला! तरीही शास्त्रज्ञांनी ती वाट सोडली नाही. चारच वर्षांनी, २०२१ सालच्या जून महिन्यात, त्याच पद्धतीचे सुमारे १९ मीटर लांब व ६ मीटर रुंद असे पंख अवकाश-स्थानकावर बसविण्यास आरंभ झाला. गुंडाळलेल्या दांड्यात साठलेल्या ताणानेच ते उलगडतात. त्यासाठी मोटारही लागत नाही. ऊन तेच, सावलीही तीच. बदलला तो उन्हात उभा राहणारा पदार्थ.

आपल्या छपरावर

आता आकाशातून खाली येऊ या. छपरावरच्या फलकाला अवकाशातील हाल सोसावे लागत नाहीत. परंतु वैशाखाच्या दुपारी त्याचे तापमान साठ-सत्तर अंशांपर्यंत चढते, आणि वळवाची सर आली की ते काही मिनिटांत उतरते. शिवाय हे दररोज, वर्षानुवर्षे चालते. नेहमीच्या फलकात वर सुमारे तीन मिलिमीटर जाडीची काच, तिच्याखाली मऊ पारदर्शक थर, त्यात कागदासारखे पातळ सिलिकॉनचे घट, त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, मागे प्लास्टिकचे पटल आणि भोवती ॲल्युमिनियमची चौकट असते. ही सर्व मंडळी निरनिराळ्या मापाने वाढतात. दोन मीटर लांबीच्या ॲल्युमिनियमची कड पन्नास अंशांनी तापली तर सव्वादोन मिलिमीटरांहून अधिक वाढते. काच त्याच वेळी एक मिलिमीटरहूनही कमी वाढते. आणि सिलिकॉन तर पाव मिलिमीटरच. जाड काच मध्यस्थासारखी सर्वांना धरून ठेवते. म्हणून हे फलक टिकतात. म्हणूनच ते जडही असतात. दर चौरस मीटरला सुमारे ११ ते १२ किलोग्रॅम भार छपरावर येतो.

गोव्यातील आणि सीमाभागातील आपल्या कित्येक जुन्या चर्चवर व घरांवर मंगळुरी कौले आहेत. वासे आणि रिपा आजोबांच्या काळच्या. तेथे हलक्या फलकांचा मोह होणे स्वाभाविक आहे. बाजारात काच नसलेले, पातळ, वाकविता येण्याजोगे फलक मिळतात. ते वाईट असतात असे नव्हे. परंतु काच गेली म्हणजे मध्यस्थ गेला. काचेच्या जागी जे प्लास्टिक येते, ते काचेच्या कित्येक पट वाढू शकते. पॉलिकार्बोनेट तर सुमारे सात पट. अशा फलकात तांब्याच्या नाजूक जोडांना दररोज ओढ बसते, आणि काही वर्षांत कोठेतरी जोड तुटतो किंवा घटाला चीर जाते. बाहेरून काही दिसत नाही. वीज मात्र घटू लागते.

ह्यावर उपाय आहेत, आणि चांगले कारखानदार ते योजितात. प्लास्टिकमध्ये काचतंतू घालून त्याची वाढ आवरतात. घटांच्या वर व खाली सारख्याच जाडीचे, सारख्याच गुणाचे थर देतात, म्हणजे घट बरोबर मधल्या रेषेवर येतो व वाकण्याचा ताण त्याला लागत नाही. दोन्ही बाजूंना पातळ काच असलेल्या फलकांचे तत्त्वही हेच आहे. जोडपट्ट्यांत किंचित ढील ठेवतात. म्हणून खरेदी करणाऱ्याने केवळ वजन व किंमत न पाहता काही प्रश्न विचारावेत. फलकाची आंतरराष्ट्रीय कसोटी झाली आहे काय? आय.ई.सी. ६१२१५ ह्या कसोटीत फलकाला उणे ४० ते अधिक ८५ अंश सेल्सिअस अशा २०० फेऱ्यांतून जावे लागते. फलकाखाली वारा खेळण्यास जागा राहणार आहे काय? तापलेल्या पत्र्यावर सर्वांगाने चिकटविलेल्या फलकाची पाठ थंड होण्यास मार्गच राहत नाही, आणि पत्र्याची वाढही त्याच्यावर लादली जाते. तो बसविताना एका ठिकाणी पक्का आणि इतर ठिकाणी किंचित सरकता येईल असा बसविणार काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छपराची तपासणी जाणत्या माणसाकडून झाली आहे काय?

धर्मग्रामाच्या निधीतील रुपया हा पुष्कळदा गरिबाच्या हातचा असतो. तो हलक्या वस्तूवर खर्च करावा, परंतु हलक्या विचाराने करू नये. व्हॅटिकनमधील पोप सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर २००८ साली सुमारे २,४०० सौरफलक बसविण्यात आले, आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लावदातो सी' ह्या विश्वपत्रातून सृष्टीची राखण हे आपणा सर्वांचे कर्तव्य असल्याचे सांगितले. ते कर्तव्य आपल्या लहान छपरावर पार पाडताना पारखून वस्तू घेणे, हाही कर्तव्याचाच भाग होय.

कोऱ्या कापडाचे ठिगळ

शुभवर्तमानात प्रभू येशूने दिलेला एक घरगुती दाखला येथे सहज आठवतो. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही. कारण कोरे कापड आटते, जुन्याला ओढते आणि भोक पहिल्यापेक्षा मोठे होते. त्या दाखल्याचा आध्यात्मिक अर्थ निराळा आणि फार खोल आहे. परंतु त्याचा व्यावहारिक आधार प्रत्येक गृहिणीच्या अनुभवातला आहे. ज्यांची वाढ व घट निरनिराळी, त्यांना नुसते घट्ट शिवून टाकल्याने ते एक होत नाहीत. त्यांच्यात ढील ठेवावी लागते, किंवा एकमेकांना साजेसे पदार्थ निवडावे लागतात. हबलच्या अभियंत्यांना जे कळण्यास कोट्यवधींचे यंत्र थरथरावे लागले, ते नाझरेथच्या घरातील शिवणाऱ्या हातांना ठाऊक होते.

आणि आपल्या घरांचे काय? मराठीत 'ताप' हा शब्द उन्हाच्या झळीलाही लावतात आणि मनाच्या क्लेशालाही. पूर्वीची घरे जड होती. एकत्र कुटुंब, वाड्याच्या जाड भिंती, काका-मावश्यांचा गोतावळा. एखाद्यावर संकट आले तर त्या वजनातच ते जिरून जाई. आजची कुटुंबे हलकी आहेत: आईबाप, एक-दोन मुले, क्वचित एखादी वृद्ध आजी. हलकेपणात दोष नाही. काळाने तो आणला आहे आणि त्याचे लाभही आहेत. परंतु हलक्या कुटुंबात सारा ताप एकाच माणसावर पडू दिला, मग ती आजाऱ्याची शुश्रूषा एकटीने करणारी सून असो, की कर्जाचा घोर कोणाला न सांगता वाहणारा बाप असो, तर तेवढे एकच माणूस वाकत नाही. त्याच्याबरोबर सारे घर थरथरते, आणि मग घरातील कोणाचीच नजर स्थिर राहत नाही. अशा वेळी त्या माणसाला 'धीर धर, भक्कम राहा' असा नुसता उपदेश करणे म्हणजे पोलादी दांड्याला उपदेश करण्यासारखे आहे. त्याच्या वाट्याची उष्णता दुसऱ्या अंगाने उचलून घेणे, हाच उपाय होय. आजारी माणसाशेजारी एक रात्र मुलाने बसावे. कर्जाची वही नवऱ्याने बायकोपुढे उघडावी. शेजारच्या घरी एकटीच खपणारी कोणी असेल, तर रविवारच्या मिस्सेनंतर तासभर तिच्या जागी आपण थांबावे.